वाहत्या पाण्याचे अमूर्त फोटो: दुधाळ पडद्याच्या पलीकडे कसं जायचं?

नितळ

गेलं वर्षभर एकाच विषयाने झपाटलं आहे: वाहतं पाणी. धबधब्याचं देखणं निसर्गचित्र मला नको आहे. काठ नको, झाड नको, आकाश नको. चौकट भरून फक्त पाणी, आणि ते पाणी आहे हे बघणाऱ्याला लगेच कळलं नाही तरी चालेल. रेषा, उजेड, वळसे एवढंच उरावं.

दोनेक हजार फोटो काढले असतील. पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात असे त्यात दहा-बारा. उरलेल्यांचे सरळ दोन ढीग होतात. एका ढिगात दहा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर, पाण्याचं पार दूध झालेलं. दुसऱ्यात १/२००० सेकंदाचा शटर (तेवढाच वेळ उजेड आत घेणारा), थेंब न् थेंब काचेच्या चुऱ्यासारखा गोठलेला. तांत्रिक चूक कशातच नाही, पण ते फोटो माझे वाटत नाहीत. काठावर बसून मी तासभर जे बघत होते ते त्यांत उतरलेलंच नाही.

माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, ७०-३०० मिमीची झूम लेन्स, ट्रायपॉड, पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिरता फिल्टर) आणि दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) आहे. शटर ठरवताना तुम्ही नेमका कशाचा अंदाज घेता? आणि पाण्यापाशी पोचल्यावर आधी कशाकडे बघता?

तिपाई

तुमच्या दुधाळ ढिगाचं कारण तुमच्याच यादीत आहे. तो दहा स्टॉपचा फिल्टर महिनाभर कपाटात ठेवा.

हिशोब बघा. सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/११ ला (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तुम्हाला १/६० सेकंद मिळतोय असं धरू. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉप लावले की तेच एक्स्पोजर सतरा सेकंदांवर जातं. एवढ्या वेळात ओढ्याचं पाणी तुमची चौकट पंधरा-वीस वेळा ओलांडतं. इतक्या रेघा एकमेकींवर चढल्या की त्यांची सरासरी उरते, आणि त्या सरासरीलाच आपण दूध म्हणतो. तीन स्टॉपचा फिल्टर असेल तर १/८ मिळेल, सहा स्टॉपचा असेल तर एक सेकंद. मला हवं ते बहुतेक वेळा या दोघांच्या मधे सापडतं.

सेकंद पाठ करून उपयोग नाही, कारण प्रत्येक ओढ्याचा वेग निराळा आणि प्रत्येक चौकटीची रुंदीही निराळी. मी एक वाळकं पान पाण्यात सोडतो आणि चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला त्याला किती वेळ लागतो ते मोजतो. दोन सेकंद लागले तर पहिला फोटो १/५ ला, म्हणजे त्या वेळाच्या दहाव्या भागात. रेघ चौकटीच्या एक दशांश लांबीची येते. तिथून दुप्पट, चौपट करत जातो. रेघ पाव चौकटीहून लांब झाली की तिचं वळण दिसेनासं होतं आणि नुसती दिशा उरते, हा माझा अनुभव. लेन्स बदलली, झूम केलं, दोन पावलं पुढे सरकलात, की पान पुन्हा सोडायचं.

आणखी एक. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात असतील तर ते बारीक थरथरतात. १/४ पासून एक सेकंदापर्यंत ही थरथर फोटोत स्पष्ट दिसते. शक्यतो तिन्ही पाय कोरड्या दगडावर ठेवा, मधली दांडी वर काढू नका, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा.

खिशातला कॅमेरा

तिपाईकाका, पानाची युक्ती फार आवडली. माझ्याकडे फक्त फोन आहे, त्याचं अपर्चर बदलत नाही. मग काय करायचं?

तिपाई

भर उन्हात जाऊ नकोस, पहाटे किंवा सूर्य बुडल्यावर जा. मॅन्युअल शटर देणारं ॲप असेल तर आयएसओ सगळ्यात खाली आण. तेवढ्यानेही भागलं नाही तर फोन दगडावर घट्ट टेकव, एकाच चौकटीचे सोळा फोटो ओळीने काढ आणि संगणकावर त्यांची सरासरी घे. १/४ चे सोळा घेतलेस तर चार सेकंदांच्या जवळपासचा परिणाम मिळतो, शिवाय नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) पावपटीवर येतो. उणीव एवढीच की दोन फोटोंमधल्या फटीत पाणी पुढे गेलेलं असतं, त्यामुळे चमकत्या रेघा तुटक येतात. कधी कधी त्या तुटक रेघाच फोटोचा विषय होतात.

कवडसा

तिपाई यांचा शटरचा हिशोब एकदम पटला. पण नितळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. मी पाण्याकडे आधी बघतच नाही. पाण्यासमोर काय आहे आणि त्यावर ऊन आहे का, हे बघते.

पाण्याला स्वतःचा रंग असा फारच थोडा असतो. फोटोत जे दिसतं ते एक तर पृष्ठभागावरून परतलेलं असतं, नाहीतर तळातून वर आलेलं. यातलं कोण जिंकणार हे तुमच्या नजरेच्या कोनावर ठरतं. वरून सरळ खाली बघितलंत तर पाणी फक्त दोन टक्के उजेड परतवतं, म्हणून तळाचे गोटे दिसतात. कॅमेरा खाली नेत नेत नजर पृष्ठभागाशी दहा अंशांवर आली की एक तृतीयांशाहून जास्त उजेड परत येतो. आणखी तिरपं झालात की पाण्याचा आरसाच होतो. त्यामुळे गुडघ्यावर बसणं आणि उभं राहणं एवढ्या फरकाने एकाच पाण्याचे दोन पूर्ण वेगळे फोटो होतात.

माझी सगळ्यात आवडती स्थिती म्हणजे पाणी सावलीत आणि समोरचा काठ उन्हात. तळ काळोखात असतो, वरून आकाशाचा निळा येतो आणि उन्हातल्या खडकाचा सोनेरी. तरंगाचा एक उतार आकाशाकडे तोंड करून असतो, दुसरा खडकाकडे. म्हणून निळी आणि सोनेरी अशी शेजारी शेजारी पट्ट्यांची वीण तयार होते. त्यात कुठलाही रंग मी घातलेला नसतो. खडकावरचं ऊन गेलं की पाच मिनिटांत सगळं राखाडी. तिथे मी शटर लांबवत नाही, उलट १/२५० ते १/५०० ठेवते. तरंगांवरचं प्रतिबिंब तुटून बंद वळी होतात, एकात एक अडकलेली, आणि ती टिकवायची तर वेग लागतोच. १/३० ला ती वितळतात. वितळलेलीही सुंदर दिसतात, पण ते दुसरं चित्र झालं.

पोलरायझर असेल तर तो फिरवत डोळा लावून बसा. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना तो प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण पुसतो. बहुतेक जण तिथेच थांबतात, कारण तळ स्वच्छ दिसतो. मी तो अर्ध्यावर सोडते. तळाचा हिरवा आणि वरचा निळा एकमेकांतून दिसू लागतात, आणि चित्राला खोली आहे की नाही हे डोळ्याला ठरवता येत नाही. शिवाय तो दीड-एक स्टॉप उजेड खातो, म्हणजे छोट्या एनडी फिल्टरचं कामही होतं.

नितळ

कवडसा, याने माझं एक जुनं कोडं सुटेल असं वाटतंय. प्रतिबिंबांचे फोटो मी काढले होते, पण ते नेहमी किंचित मऊ येतात. ट्रायपॉड, रिमोट, सगळं असूनही. लेन्सचा दोष समजत होते.

कवडसा

फोकस कुठे होता? तुम्ही पृष्ठभागावर, म्हणजे तरंगणाऱ्या काडीवर किंवा फेसावर फोकस केला असणार. प्रतिबिंब त्या अंतरावर नसतं. पाणी तुमच्यापासून तीन मीटरवर आणि उन्हातला खडक त्याच्यापुढे वीस मीटरवर असेल, तर प्रतिबिंबाचं अंतर साधारण तेवीस मीटर. ३०० च्या लेन्सला हा फरक प्रचंड आहे. संथ पाण्यात तर एफ/१६ लाही दोन्ही एकदम सापडत नाहीत, आणि त्यापुढे अपर्चर लहान केलंत तर विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं. म्हणून निवड करावी लागते: पाण्याची कातडी की त्यातलं प्रतिबिंब. खडबडीत पाण्यात प्रत्येक तरंग छोट्या वक्र आरशासारखा वागतो, तिथे हा हिशोब मोडतो आणि पृष्ठभागाजवळचा फोकसच बरा पडतो. दोन्हीकडे फोकस करून एकेक फोटो घ्या आणि मोठ्या पडद्यावर बघा.

रोखठोक

धागा मन लावून वाचतोय, पण एक शंका आहे आणि ती प्रामाणिक आहे. काठ कापायचा, आकाश कापायचं, आकारमानाचा अंदाज येऊ द्यायचा नाही, आणि मग त्याला अमूर्त म्हणायचं. बघणारा विचारतो, हे काय आहे? आपण सांगतो, पाणी. तो म्हणतो, अच्छा. पुढे काय? कोडं घालणं म्हणजेच अमूर्त का?

जुनी रीळ

रोखठोक यांची शंका अगदी योग्य जागी आहे. छायाचित्रणात ती बरीच जुनीही आहे.

१८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राचे फोटो काढले. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला इतक्या संवेदनशील असत की लाटा नीट आल्या तर आकाश पांढरंफटक होई. त्यांनी काही चित्रांत आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडल्या. क्षितिज ही त्यांची जोडरेषा होती. म्हणजे क्षितिज सांभाळण्यासाठी केवढा खटाटोप! पुढे १९२२ पासून आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी ढगांचे फोटो काढायला घेतले आणि हळूहळू क्षितिजच चौकटीबाहेर टाकलं. वर कुठलं, खाली कुठलं, याचा काही आधार उरला नाही. त्या मालिकेला त्यांनी 'समतुल्य' अशा अर्थाचं नाव दिलं, कारण ते ढग त्यांच्या मनःस्थितीच्या बरोबरीचे आहेत असं त्यांना म्हणायचं होतं. ते ढग आहेत हे कुणापासून लपलेलं नव्हतं, तरी चित्र संपत नव्हतं.

माझी कसोटी यातूनच तयार झाली आहे. हे काय आहे, याचं उत्तर कळल्यावर माणूस पुढच्या फोटोकडे गेला तर ते कोडं होतं. उत्तर कळूनही तो थांबला तर काहीतरी साधलं.

आता उलट बाजूचं एक उदाहरण, कारण ते मला फार मोलाचं वाटतं. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन १८७० च्या दशकापासून थेंब पडल्यावर उडणारे शिंतोडे अभ्यासत होते. अंधारात विजेची ठिणगी पाडायची, क्षणभर जे दिसेल ते लक्षात ठेवायचं आणि कागदावर काढायचं. त्यांची चित्रं सुबक आणि सममित होती, मुकुटासारखी. १८९४ मध्ये तेच शिंतोडे फोटोत पकडता आले तेव्हा दिसलं की खरा मुकुट वाकडातिकडा असतो, एक कोंब लांब, एक आखूड, एक मोडलेला. इतकी वर्षं त्यांचा डोळा नकळत तो आकार नीटनेटका करत होता. आपणही पाण्यापाशी तेच करतो. सुबक वळसा निवडतो आणि मोडलेला टाकतो. मी हल्ली टाकलेल्या फोटोंमधून दर महिन्याला एकदा फेरी मारते.

रोखठोक

जुनी रीळ, उत्तर मिळालं. थांबून विचार करावा असं आहे. धन्यवाद.

भोवरा

मी फोटो कमी काढतो, कयाक जास्त चालवतो. त्यामुळे पाणी बघण्याची माझी सवय वेगळी आहे. उतरण्याआधी काठावर उभं राहून पाणी वाचावं लागतं, चुकलं तर बुडायची वेळ येते.

नितळ यांच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मनात राहिलं. तासभर जे बघत होते ते फोटोत नाही. तासभर तुम्ही काय बघत होतात? ओढ्यातलं पाणी तर तासभर थांबलेलं नव्हतं. जे पाणी बघायला सुरुवात केली ते दोन सेकंदांत चौकटीबाहेर गेलं. तासभर जागेवर होता तो आकार. दगडाच्या मागचा खळगा, त्याच्या पुढची उभी लाट, दोन दगडांच्या मधून निघणारी गुळगुळीत पट्टी, तिच्या टोकाशी फुटणारा फेस. पाणी त्यातून जात राहतं आणि आकार तिथेच उभा असतो. समुद्रात नेमकं उलट घडतं. लाट लांबून चालत येते, पण खोल पाण्यातली लाट पाण्याला सोबत आणत नाही. पाणी जागच्या जागी गोल फिरून जवळजवळ होतं तिथेच येतं. तिथे आकार प्रवास करतो आणि पाणी थांबतं.

म्हणून ओढ्याचा शटर आणि समुद्राचा शटर एकाच नियमाने ठरणार नाही असं मला वाटतं. फोटोतलं तंत्र तुम्ही जाणकारांनी तपासावं.

तिपाई

भोवरा, वीस वर्षं मी हे करतोय आणि इतक्या सरळ शब्दांत मला हे कधी मांडता आलं नाही. तंत्राच्या बाजूने पूर्ण खरं आहे. ओढ्यात आकार उभा असल्यामुळे १/८ ते १/२ सेकंदात तो पुसला जात नाही, उलट कोरला जातो. पाण्याची प्रत्येक रेघ त्याच वळणावरून जाते आणि तेच वळण पुन्हा गिरवते. समुद्रात तेवढ्याच वेळात लाट पुढे सरकते आणि तिची धार जाते. समुद्रासाठी मी ट्रायपॉड सोडून देतो, लाटेच्या बाजूला उंच जागी उभा राहतो आणि १/१५ च्या आसपास कॅमेरा लाटेच्या वेगाने तिच्यासोबत फिरवतो. लाट टिकते, बाकी सगळं तिच्या दिशेने ओढलं जातं. पन्नासात एखादा जमतो.

कवडसा

यात एक बारकावा घालते. ओढ्यात एखादी काडी किंवा दगडाचं टोक पाण्याबाहेर आलेलं असेल तर प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला अगदी बारीक तरंगांच्या कमानी उभ्या दिसतात, एकापुढे एक. पाण्यावरच्या तरंगांमध्ये सगळ्यात मंद तरंग सेकंदाला २३ सेंटिमीटर जातो, त्याची लांबी साधारण १.७ सेंटिमीटर. प्रवाह त्याहून हळू असेल तर या कमानी उभ्याच राहू शकत नाहीत. वेग त्याच्यावर गेला की त्या अचानक प्रकट होतात. म्हणजे कमानी दिसल्या की ओळखायचं, इथे आकार थांबलेला आहे. त्या फार नाजूक असतात. मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) किंवा २०० च्या पुढची लेन्स, कमी उंचीचा तिरपा उजेड आणि वाराहीन सकाळ लागते. वाऱ्याची एक झुळूक आली की संपलं.

खिशातला कॅमेरा

उभा आकार शोधायचा कसा? मला तर सगळं हलतानाच दिसतं.

भोवरा

डोळे अर्धे मिट. बारीक चमक दिसेनाशी होईल आणि मोठे उजळ-काळे भाग उरतील. मनात दहा आकडे मोज. दहा आकड्यांत जे हललं नाही ते लक्षात ठेव. मग डोळे उघड आणि फक्त त्याच्याकडे बघ. पहिल्या दिवशी एखादाच दिसेल. मग थांबवता येणार नाही, पाण्यात आकारच आकार दिसतील.

तिपाई

हे शिकवायला मला चार वर्कशॉप लागतात.

ओली वाट

फोटोंच्या गप्पांत एक गोष्ट सांगायची राहू नये म्हणून लिहिते. गेल्या वर्षी अगदी गुडघ्याएवढ्या पाण्यात मी पडले. डोळा कॅमेऱ्याला, एक पाय मागे, मागे शेवाळ. मनगट मोडलं. कॅमेरा वाचला, पण तीन महिने तो हातात धरता आला नाही. तेव्हापासून डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचा नाही हा नियम. सरकायचं तर आधी कॅमेरा खाली.

आणि पाणी वाढण्याची चिन्हं ओळखा. तुमच्या डोक्यावर कोरडं आकाश असलं तरी वर कुठेतरी पाऊस झालेला असू शकतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पानं जास्त वाहून येऊ लागली, आवाजाचा सूर खाली गेला, की सामान आवरायचं. शेवटचा एक फोटो म्हणून थांबायचं नाही. धरणाच्या खालच्या बाजूला तर पाणी सोडण्याच्या वेळा विचारल्याशिवाय पात्रात उतरूच नये. समुद्राकडे पाठ करून तर कधीही वाकू नका.

भोवरा

ओली वाट यांच्या पोस्टला +१. वाहत्या पाण्यात पाय दगडांत अडकला आणि तोल गेला तर गुडघ्याएवढं पाणीही माणसाला खाली दाबून ठेवतं.

जुनी रीळ

फोटो काढून झाल्यावरच्या कामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. पाण्याच्या अमूर्त फोटोंवर सगळ्यात जास्त अत्याचार रंगाच्या स्लायडरने होतो. कवडसा यांनी सांगितलेली निळी-सोनेरी वीण मुळातच इतकी गडद असते की थोडा रंग वाढवला तरी प्लास्टिक दिसू लागतं. मी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची दुरुस्ती) डेलाइटवर पक्का ठेवते, नाहीतर कॅमेरा सावलीतला निळा दुरुस्त करायला जातो आणि चित्राचा जीवच काढून घेतो.

फेस पांढरा दिसतो कारण असंख्य बुडबुड्यांवरून सगळे रंग सारखेच विखुरतात. तो जळाला, म्हणजे पार पांढराफटक झाला, की मागे काहीच राहत नाही. म्हणून हिस्टोग्राममध्ये (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) उजवी भिंत सांभाळा, गरज पडली तर एक स्टॉप कमी. अपवाद उन्हाच्या ठिणग्यांचा. त्या जळणारच, जळू द्या. त्यांना वाचवायला गेलात तर सगळं पाणी काळं होईल.

फोटो उलटा करण्याबद्दल वाद होतात. मी करते. प्रतिबिंबाचा फोटो १८० अंशांत फिरवला की खडक सुलटा होतो आणि पाणी विचित्र. फिरवल्याने चित्राचा तोल सुधारत असेल तर जरूर फिरवा. फक्त चमत्कार वाटावा म्हणून फिरवला असेल तर दुसऱ्या दिवशी तो तुम्हालाच कंटाळवाणा वाटेल.

कॅमेऱ्याशिवायही हे करता येतं, तेही सांगते. १९९० च्या दशकात सुझन डर्जेस यांनी इंग्लंडमधल्या टॉ नदीत रात्री फोटोचा मोठा कागद पाण्याखाली धरला आणि वरून फ्लॅश मारला. प्रवाहाची सावली थेट कागदावर. मधे लेन्स नाही, पाणी हीच लेन्स. स्वच्छ उथळ पाण्याच्या तळाशी उन्हाचं जे हलतं जाळं दिसतं ते याच कारणाने. तरंगाचा उंचवटा भिंगासारखा उजेड गोळा करतो. त्या जाळ्याचे फोटो काढायचे तर फोकस तळावर, पोलरायझर पूर्ण फिरवलेला आणि शटर १/२५० च्या वर.

नितळ

साडेतीन आठवडे गप्प होते, कारण रोज सकाळी ओढ्यावर जात होते. मुद्दाम एकच दगड निवडला. टोपलीएवढा आहे, निम्मा पाण्यात. त्याच्या मागे वीतभर खळगा आणि पुढे दोन उभ्या लाटा. भोवरा यांनी सांगितल्यासारखे डोळे अर्धे मिटून दहा आकडे मोजले तेव्हा पहिल्यांदा कळलं की वर्षभर मी हाच दगड बघत होते आणि फोटो मात्र पाण्याचे काढत होते.

पान सोडून मोजलं. माझ्या चौकटीत त्याला सव्वा सेकंद लागतो. म्हणून १/८ पासून सुरुवात केली. पहिले चार दिवस फोटो गढुळलेले आले. ट्रायपॉडचा एक पाय पाण्यात होता, तिपाई यांनी सांगूनही. तो दगडावर घेतला आणि पाचव्या दिवशी लाटेची पाठ इतकी स्वच्छ आली की मी तिथेच बसून राहिले. जाड रेघा, एका बाजूने उजळ, विंचरलेल्या केसांसारख्या. लिओनार्दो द विंचीने पाण्याच्या वळशांची केसांच्या बटांशी तुलना केली होती हे वाचलेलं होतं, पण हाताने काढलेल्या रेषेतली ती गोष्ट माझ्या कॅमेऱ्यात येईल असं वाटलं नव्हतं.

मग कवडसा यांचं ऐकून उजेडाच्या वेळा लिहून ठेवल्या. समोरच्या काठावर ऊन सात वाजून दहा मिनिटांनी पडतं आणि माझ्या दगडावर साडेसातला. मधली वीस मिनिटं माझी. त्या वीस मिनिटांत लाटेच्या एका उतारावर निळा आणि दुसऱ्यावर पिवळा असतो. फोकस समोरच्या काठाच्या प्रतिबिंबावर नेला तेव्हा लाट मऊ झाली आणि तिच्यातले रंग धारदार झाले. असा फोटो माझ्याकडून यापूर्वी कधीच निघाला नव्हता.

जुनी रीळ, तुमच्यामुळे टाकलेल्या फोटोंतून फेरी मारली. तिसऱ्या दिवसाचा एक सापडला. लाट मधेच मोडलेली आहे, फेसाचा एक तुकडा उलट दिशेला वर चढतोय. तेव्हा घाण समजून टाकला होता. आता तो भिंतीवर लावला आहे. आठ दिवस झाले, अजून त्याच्यासमोरून जाताना पाय थांबतात.

मोजायचंच तर नऊशे फोटो, त्यातले पंधरा माझे.

रोखठोक

नितळ, तो मोडक्या लाटेचा फोटो इथे नक्की टाका. बघायचा आहे.

नितळ

टाकते. पण एक नवीन अडचण आली आहे. परवा वर कुठेतरी मोठा पाऊस झाला. ओली वाट यांनी लिहिलेलं सगळं घडलं, आधी काड्या, मग गढूळपणा, मग आवाज बदलला. मी लगेच वर आले. काल जाऊन बघितलं तर दगड पूर्ण पाण्याखाली गेला आहे. दोन उभ्या लाटांच्या जागी एकच रुंद फुगवटा आहे आणि खळगा दिसतच नाही. पाणी चहासारखं. आकार गेला असं म्हणायचं का?

भोवरा

गेला नाही, बदलला. दगड तिथेच आहे. पाणी त्याच्यावरून जाताना फुगतं आणि खाली उतरल्यावर उलटं वळून फुटतं. तो फुगवटा काचेसारखा गुळगुळीत असणार, कारण तिथे पाणी वेगाने आणि न फाटता जातं. काठावरूनच बघा, जवळ जाऊ नका. पाणी उतरू लागेल तसतसा तुमचा जुना आकार उलट्या क्रमाने परत येईल. फक्त दगड हलला नसेल तर.

कवडसा

गढूळ पाण्याचाही फायदा आहे. तळ पूर्ण नाहीसा होतो आणि सगळं लक्ष पृष्ठभागावर जातं. त्यात निळं आकाश पडलं की मातकट आणि निळा असे दोनच रंग उरतात. आणि तुमच्या ओढ्याला एखादा लहान, निवळ पाण्याचा झरा येऊन मिळत असेल तर ती जागा आत्ताच गाठा. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात आणि मधल्या शिवणीवर लहान लहान भोवरे सुटत जातात. ही शिवण दोन-चार दिवसच दिसते.

नितळ

आहे, असा एक झरा आहे! पुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला. वरून, पुलाच्या कठड्यावरूनच दिसेल, खाली उतरावंही लागणार नाही. उद्या पावणेसातला तिथे असेन. पान सोडायला मिळणार नाही एवढ्या उंचीवरून, फेसाचा एखादा ठिपका पकडून वेळ मोजते.